इनामगावचे पाच खोल्यांचे घर

जुने घर म्हटले की डोळ्यांसमोर पेशवाईतला वाडा येतो. दिंडी दरवाजा, देवडी, फरसबंद चौक, सागवानी खांबांवर तोललेला सोपा, आत माजघर आणि धान्याचे बळद. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत असे वाडे आणि गढ्या आजही दिसतात. काही नांदते आहेत, काहींच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. त्यांचे वय दोनशे, फार तर तीनशे वर्षे. परंतु याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर, एका कुटुंबाच्या राहत्या घराचा तळ सापडला आहे आणि तो या वाड्यांहून सुमारे दहापट जुना आहे.

त्या कुटुंबाचे नाव ठाऊक नाही. सनद नाही, वंशावळ नाही, ते कोणती भाषा बोलत हेही ठाऊक नाही. तरीही त्या घरात खोल्या किती होत्या, धान्य कोठे साठवीत, शेतात काय पिके आणि घरातला कर्ता पुरुष वारल्यावर त्याला कोठे ठेवले, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. कित्येक वाड्यांविषयी एवढे सांगता येत नाही.

गावाचे नाव इनामगाव. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८०-९० किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. घोड पुढे जाऊन भीमेला मिळते आणि भीमेपलीकडे दौंड तालुका लागतो. पाऊस येथे बेभरवशाचा, मात्र नदीकाठची जमीन काळी आणि कसदार. नदीलगत मातीची पाच टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने १९६८ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले आणि १९८३ पर्यंत अनेक हंगाम ते चालू राहिले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. झैनुद्दीन अन्सारी आणि डॉ. मधुकर ढवळीकर ही या कामातील प्रमुख नावे. उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

सांकलियांनी याआधी प्रवरेकाठचे जोर्वे, नेवासे आणि नर्मदेकाठचे नावडातोली अशा ठिकाणी उत्खनन केले होते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून त्या काळच्या संस्कृतीला नाव पडले. लाल रंगाची, काळ्या रेषांनी चितारलेली, तोटी असलेली मडकी ही तिची खूण. पण आधीच्या उत्खननांत मर्यादित जागाच खणली गेली होती. खड्डा खोल घ्यावा, थरांचा क्रम लावावा, मडक्यांचे प्रकार ठरवावेत, अशी ती पद्धत. अशाने काळ कळतो, पण गाव कळत नाही. इनामगावात मुद्दाम पसरट खणले. एका थरातील घरे एकाच वेळी उघडी करायची, अंगणे आणि बोळ सोडायचे नाहीत, असा आग्रह धरला. परिणामी सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. भारतातील ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके सविस्तर चित्र दुसरीकडे क्वचितच हाती आले असेल.

मातीचे घर तीन हजार वर्षांनी ओळखायचे तरी कसे, हा प्रश्न साहजिक आहे. दगडी जोते नाही, वीट नाही, लाकूड कधीच कुजून गेलेले. उत्तर जमिनीत असते. राहत्या घराची जमीन चोपून टणक केलेली असते आणि वर्षानुवर्षे सारवून तिचे पापुद्रे एकावर एक चढलेले असतात. उभा छेद घेतला की ते पुस्तकाच्या पानांसारखे दिसतात. खांब कुजला तरी त्याचा खड्डा राहतो, आणि त्यात भरलेली भुसभुशीत माती आजूबाजूच्या टणक जमिनीहून वेगळ्या रंगाची असते. असे गोल डाग एका ओळीत आले की भिंतीची रेघ मिळते. भिंत कुडाची. काठ्या, कामट्या उभ्या करून दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा केलेली. घर जळाले असेल तर उत्खननकर्त्याचे भाग्यच, कारण भाजलेल्या गिलाव्यावर कामट्यांचे वळ जसेच्या तसे राहतात.

इनामगावात वस्ती सुमारे नऊशे वर्षे होती. पहिला कालखंड माळवा संस्कृतीचा, इ.स.पू. १६०० ते १४०० असा. दुसरा पूर्व जोर्वे, इ.स.पू. १४०० ते १०००. तिसरा उत्तर जोर्वे, इ.स.पू. १००० ते ७००. कोळशाच्या नमुन्यांतील किरणोत्सारी कार्बन मोजून हे काळ ठरवले आहेत. पाच खोल्यांचे घर मधल्या काळातले, म्हणजे गाव सर्वांत सुखात होते त्या काळातले.

त्या काळी साधे घर कसे होते ते आधी पाहिले पाहिजे, त्याशिवाय पाच खोल्यांचे महत्त्व कळणार नाही. लांबी सुमारे पाच मीटर, रुंदी तीन मीटर, असे एक आयताकृती घर. मातीची बुटकी भिंत, तिच्यावर कूड, वर दोन्ही बाजूंना उतरते गवती छप्पर. आत एखादी कुडाची आडभिंत घालून दोन भाग केलेले. कडा उंच केलेली लांबट गोल चूल. कोपऱ्यात धान्याचे पेव, म्हणजे जमिनीत खोदून आतून लिंपलेला गोल खड्डा. पेवाशेजारी मातीचा गोल ओटा, त्यावर कणगी ठेवायची. आणखी एक गमतीची खूण घरोघरी आढळते. जमिनीत चार चपटे दगड चौकोनात बसवलेले असतात. त्यांवर चार पायांचा मोठा रांजण उभा करीत, पायांखाली जमीन खचू नये म्हणून. रांजण फुटून गेले, दगड राहिले.

पेव, कणगी, रांजण, चूल, सारवण. या शब्दांसाठी कोशाची गरज पडत नाही. पेवात धान्य भरण्याची रीत महाराष्ट्रात अगदी परवापरवापर्यंत होती. मात्र येथे थोडे जपून बोलावे लागते. वस्तू सारखी म्हणून माणसेही तीच, असे म्हणता येत नाही. कोरड्या हवेत, काळ्या-पांढऱ्या मातीच्या मुलखात धान्य टिकवायचे तर उपाय थोडेच असतात, आणि वेगवेगळ्या काळांतील माणसे त्याच उपायांपाशी येऊन पोचतात. साम्य पाहून हरखून जाणे सोपे आहे. गावच्या इतिहासाची फरफट बहुधा तेथूनच सुरू होते.

ही घरे वाटेल तशी विखुरलेली नव्हती. ती साधारण ओळीत होती. दोन घरांमध्ये दीडेक मीटरचा बोळ सोडलेला असे. ढवळीकरांच्या निरीक्षणाप्रमाणे कुंभार, सोनार, चुना भाजणारा असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला राहत, आणि खात्यापित्या शेतकऱ्यांची घरे मध्यभागी होती. ‘सोनार’ किंवा ‘चुनेवाला’ हे निष्कर्ष त्या त्या घरात सापडलेल्या वस्तूंवरून काढलेले आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे. त्यावरून थेट बलुतेदारीपर्यंत उडी मारण्याचे कारण नाही.

अशा गावात, जेथे बहुतेक घरे एका किंवा दोन खोल्यांची, तेथे एक घर पाच खोल्यांचे निघाले.

पाच खोल्या म्हणजे वाड्याच्या हिशेबाने काहीच नव्हे. परंतु त्या गावात तेवढा विस्तार इतर कोणत्याही घराला क्वचितच होता. बांधणीचे साहित्य तेच. माती, कूड, गवत. खास दगड नाही, खास लाकूड नाही, नक्षी तर नाहीच. फरक फक्त आकाराचा आणि जागेचा. ते गावाच्या मध्यवर्ती भागात होते, आणि त्याला लागून एक वेगळी वास्तू होती. तिच्यात पेवांचे खड्डे आणि कणग्यांचे गोल ओटे इतक्या दाटीने होते की एका कुटुंबाचे धान्य ठेवण्यासाठी तेवढे लागत नाही. उत्खननकर्त्यांनी तिला धान्यकोठार म्हटले. एकाच घराजवळ सर्व गावाला पुरेल एवढे धान्य साठत असेल, तर त्या घराकडे धान्य गोळा करण्याचा आणि वाटण्याचा अधिकार असला पाहिजे. म्हणून ते घर गावच्या मुख्याचे. असा तो तर्क.

या तर्काला दुसरा आधार नदीकाठी मिळतो. गावाच्या कडेला दगडमातीचा एक लांब बांध आणि त्यालगत एक खोदलेला कालवा सापडला. बांध दोनशे मीटरांहून लांब. कालवा सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल, आणि शंभर मीटरांहून अधिक लांबीपर्यंत त्याचा माग लागला. पुराचे पाणी वळवून शेताकडे नेणे हा त्याचा उद्देश असावा. लोखंड अजून आलेले नाही. तांबे दुर्मीळ, त्याची छिन्नी, गळ, मणी आणि बांगड्या होत. रोजची कापाकापी गारगोटीच्या पात्यांनी चाले. अशा हत्यारांनी एवढी माती हलवायची तर अनेक घरांचे हात एकत्र लागतात. कोणी कधी यायचे, किती खणायचे आणि त्या दिवसांत खायला कोण घालणार, हे ठरवणारे कोणीतरी असावे लागते. धान्यकोठार आणि कालवा एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की पाच खोल्यांच्या घराचे वजन कळते.

शेतात जव मुख्य. त्याबरोबर गहू, मसूर, हुलगा, वाटाणा. गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळलेल्या. नदीत मासे, माळावर शिकार. जळलेल्या दाण्यांचा अभ्यास डॉ. मुकुंद काजळे यांनी केला, प्राण्यांच्या हाडांचा डॉ. पी. के. थॉमस यांनी. गव्हा-मसुरासारखी पिके हिवाळ्यातली, त्यांना ओल धरून ठेवणारी काळी जमीन आणि थोडे पाणी लागते. कालवा खणण्याची खटपट उगीच केलेली नव्हती. भीमा-मुळामुठेच्या संगमाकडे, दौंडच्या बाजूला वाळकी येथे याच संस्कृतीची एक छोटी वस्ती सापडली. तेथे जनावराच्या हाडाचा, जमीन उकरण्याचा फाळ मिळाला. शेताजवळची चार घरे अशी वाळकी, आणि कोठार, कालवा व कारागीर असलेले इनामगाव. भीमेच्या दोन्ही तीरांवर अशी लहानमोठी गावे एकमेकांना धरून होती, असे चित्र ढवळीकरांनी मांडले.

आता घराच्या जमिनीखाली जायचे. इनामगावच्या घरांचा सर्वांत बोलका भाग छपराखाली नाही, सारवणाखाली आहे.

या लोकांची स्मशाने वेगळी नव्हती. माणूस वारला की त्याला घराच्या जमिनीत किंवा अंगणात पुरत. इनामगावात दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांतील फार मोठा भाग लहान मुलांचा आहे. मूल गेले की दोन मडकी घेत, मूल आत ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना लावीत आणि खड्ड्यात आडवी निजवीत. सोबत एखादा वाडगा, एखादे तोटीचे भांडे. मग खड्डा बुजवून वरून पुन्हा सारवण. दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर चूल पेटत असणार. एका घरात अशी एकाहून अधिक दफने मिळतात, कधी वरच्या थरात, कधी खालच्या. बालमृत्यूचे प्रमाण म्हणून अहवालात जो आकडा येतो, तो प्रत्यक्षात कोणाच्या तरी ओट्याशेजारी पुरलेला होता.

मोठ्या माणसांची रीत निराळी. त्यांना उताणे, डोके उत्तरेकडे करून पुरत, आणि पुरण्यापूर्वी पाय घोट्यांपासून तोडीत. हे वाचताना अंगावर काटा येतो. मेलेल्याने उठून निघून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, घरातच राहावे, अशी काही समजूत यामागे असावी, असे अभ्यासक मानतात. मृताविषयीची भीती म्हणावी की माया, हे हाडांवरून सांगता येणार नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. एवढे मात्र दिसते की घर म्हणजे केवळ जिवंत माणसांचा निवारा, अशी त्यांची कल्पना नव्हती.

देवही जमिनीखालीच सापडले. एका घरात कच्च्या मातीची झाकणाची एक लांबट पेटी पुरलेली मिळाली. पेटीत स्त्रीची मूर्ती, आणि झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, तिला शिर नाही. जवळ एक बैल. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी घातली की देवी बैलावर बसते. महाराष्ट्रातील पुढच्या काळातील शिरोहीन मातृदेवतांशी तिचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मधल्या शतकांचा दुवा हाती नसताना तो आवरलेला चांगला.

मोठ्या माणसांच्या पायांची ही रीत ध्यानात ठेवून पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात यावे. तेथे एक दफन असे निघाले की ते या सर्व रीतींना सोडून होते. कच्च्या मातीचा एक मोठा रांजण, सुमारे पाऊण मीटर उंच, पोट फुगीर, खाली चार आखूड पाय. घरोघरी धान्यासाठी असलेल्या चौपायी रांजणाची आठवण करून देणारा. त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष बसलेला होता. निजवलेला नव्हे. मांडी घालून बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत होते. सोबतच्या भांड्यांपैकी एकावर लांब वल्ह्यांच्या होडीचे चित्र आहे. समुद्रापासून इतक्या दूर, पावसाळ्यातच काय ती भरणाऱ्या घोडेच्या काठावर ती होडी कोणी पाहिली होती, की मेल्यावरच्या प्रवासासाठी ती चितारली होती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

सगळ्या गावाचे पाय तोडले जात असता एकाचे तोडले नाहीत, हे अनवधानाने होत नाही. याला वेगळा नियम होता. रांजणाचे फुगीर पोट पाहून काहींना गर्भाशयाची कल्पना सुचते. मातीच्या पोटातून पुन्हा जन्म. ती खरी असो वा नसो, अंगणाची जागा, शेजारचे कोठार, घराचा विस्तार आणि शाबूत पाय या चार गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात. अनेक वर्षे एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हा रांजण होता. तेथे तो विद्यार्थ्यांपुढे प्रश्न म्हणून ठेवला होता. हा मनुष्य श्रीमंत असेल का, मुख्या असेल का, कशावरून म्हणता, असा. उत्तर पाठ करण्यापेक्षा ही रीत शहाणपणाची होती.

परंतु खरा पेच या रांजणाच्या खाली होता. त्याच जागी, खालच्या थरात, अगदी तसाच दुसरा चौपायी रांजण मिळाला. त्यातही भांडी ठेवलेली होती. सांगाडा नव्हता. हाडे विरघळून गेली म्हणावीत तर आसपासच्या दफनांत लहानग्यांची नाजूक हाडेही टिकली आहेत. म्हणजे तो रांजण मुळातच माणसावाचून पुरला होता. ढवळीकरांनी लावलेला अर्थ असा, की हा मुख्या कोठेतरी दूर, कदाचित लढाईत मेला असावा, त्याचा देह घरी आला नाही, आणि घरच्यांनी मान म्हणून रिकामाच रांजण पुरला. मग काही वर्षांनी त्याच्या वारसाला त्याच जागी, त्याच पद्धतीने ठेवले. यावरून त्यांचे पुढचे विधान आले, की इनामगावात मुख्याचे पद वंशपरंपरेने चालत होते.

येथे थांबून हे विधान किती भार पेलते ते पाहायला हवे. एकाच अंगणात, एकावर एक, तोच असाधारण विधी दोनदा झाला, हा पुरावा भक्कम आहे. पहिले दफन कोठे आहे ते दुसऱ्याच्या वेळी लोकांना ठाऊक होते, आणि तो मान त्याच जागेशी बांधलेला होता, एवढे निश्चित म्हणता येते. पण दुसरा हा पहिल्याचा मुलगाच होता, हे रांजण सांगत नाही. पुतण्या असेल, जावई असेल, किंवा गावाने निवडलेला आणि त्या घरात राहायला आलेला कोणी असेल. पद घराण्यात होते की घरात, हा भेद लहान वाटतो, पण ‘घराणे’ या शब्दाचा सगळा इतिहास त्यात आहे. रिकाम्या रांजणातील माणसाची हाडेच नाहीत, त्यामुळे रक्ताचे नाते तपासण्याचा मार्गही बंद आहे. ढवळीकरांचा निष्कर्ष संभाव्य आहे, सर्वांत संभाव्य आहे असेही म्हणता येईल. सिद्ध मात्र नाही, आणि लोकप्रिय लेखनात तो सिद्ध असल्यासारखा येतो तेव्हा वाचकाने भुवई उंचवावी.

पाटीलकी, देशमुखी, वतन या गोष्टी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला कोठाराशेजारचे मोठे घर दिसले की वंशपरंपरा आपोआप सुचते. तीच सवय अभ्यासकालाही असते. वतनाच्या कागदांनी भरलेल्या मुलखात बिनकागदाचे घर वाचायचे हे त्यामुळेच कठीण काम आहे.

पुढे गावाचे दिवस फिरले. इ.स.पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात ऐसपैस आयताकृती घरे कमी होत जातात आणि बहुतेक ठिकाणी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. तीनेक मीटर व्यासाच्या, तीनचार झोपड्यांचा पुंजका एका अंगणाभोवती. मडकी तितकी रेखीव राहिली नाहीत. गुरांची हाडे घटली, शिकारीची वाढली. पाऊस कमी झाला, शेती बसली, लोक अर्धभटके झाले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले, असे स्पष्टीकरण ढवळीकरांनी दिले आणि ते बराच काळ प्रमाण मानले गेले. पुढे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या मुलांचे सांगाडे नव्याने तपासले. २०११ मधील त्यांच्या पुस्तकात दुष्काळाच्या या सरळ गोष्टीवर त्यांनी शंका घेतली. उत्तर काळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, म्हणजे हाल होते हे खरे. पण हवामान एकाएकी कोरडे झाले याला पुरेसा पुरावा नाही, आणि कारणे लोकसंख्या व आहार यांतही शोधावी लागतील, असा त्यांचा रोख आहे.

गोल झोपडी म्हणजे अधोगती, असेही सरसकट म्हणू नये. गोल घराला कमी लाकूड लागते, कोपरे नसल्याने वारा कमी धरते, आणि कुटुंब वाढले तर खोली जोडण्याऐवजी शेजारी दुसरी झोपडी उभी करता येते. तीनचार झोपड्या आणि मध्ये अंगण, हा पाच खोल्यांच्या घराचाच सुटा केलेला आराखडा म्हणता येईल. फक्त सगळ्यांना झाकणारे एक छप्पर राहिले नाही. आणि कोठार भरलेले नसेल तर मोठे छप्पर शाकारायला माणसे तरी कशाच्या बळावर बोलवायची?

गाव उठल्यावर भिंती पावसाने विरघळल्या, राख, शेण, कूड, हाडे, खापरे यांची मिळून माती झाली. अशा जागेच्या मातीला मराठीत पांढरी म्हणतात. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, ही जोडी जुन्या कागदपत्रांतही येते. शेकडो वर्षांच्या वस्तीने फिकट झालेली ही चिकण माती पाणी लवकर झिरपू देत नाही, म्हणून दख्खनमध्ये धाब्याच्या छपरावर आणि गढ्यांच्या जाड भिंतींत ती घालीत आले. पांढरीच्या टेकाडांवरून बैलगाड्या भरभरून माती नेली जाई. वाड्यांच्या आणि गढ्यांच्या भिंतींत बारीक पाहिले तर कधी कधी जुन्या खापराचा तुकडा दिसतो तो असा आलेला असतो. कितीतरी ओस गावांची घरे, त्यांतील पेवांसह आणि पुरलेल्या मडक्यांसह, अशी दुसऱ्यांच्या भिंतींत चढली. इनामगावचे टेकाड खणले गेले तेव्हा निदान त्यातला बराच भाग जागच्या जागी शिल्लक होता.

खणून उघडी केलेली मातीची जमीन उन्हापावसात टिकत नाही. म्हणून घोडेच्या काठी जाऊन आज पाच खोल्या पाहता येत नाहीत. त्यांचा नकाशा अहवालात आहे, खांबांच्या खड्ड्यांसह, पेवांसह, कोठारासह. इनामगावचे अवशेष पुण्यात, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेले आहेत. तेथे लहान मुलांची तोंडाला तोंड लावलेली मडकीही आहेत.